प्लेटलेट पडल्या म्हणजे डेंगीच असं नाही: एड्समध्ये रक्त आणि प्लीहा का बिघडतात

पावसाळा लागला की आमच्या लॅबच्या खिडकीवर एकच प्रश्न असतो, प्लेटलेट किती झाल्या? रिपोर्ट हातात पडायच्या आधीच घरी कोणीतरी पपईच्या पानांचा रस काढायला बसलेलं असतं. आणि त्यात लोकांचं काही चुकतं असं मी म्हणणार नाही, गोव्यात डेंगी आहे, मलेरिया आहे, भाताच्या शेतात उतरणाऱ्यांना लेप्टो होतो, सत्तरीत उन्हाळ्याकडे माकडताप निघतो, या सगळ्यांत ताप येतो आणि काउंट खाली जातात. त्यामुळे डोकं तिकडे धावतं आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं.

पण मधेच एखादा रिपोर्ट वेगळा येतो. ताप महिन्यावर गेलाय, कपडे सैल झालेत, हिमोग्लोबिन ६ वर, पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट कमी, सोनोग्राफीत प्लीहा वाढलेली, आणि घरची माणसं अजून म्हणतायत की डेंगी अंगातून उतरला नाही. डेंगीचा ताप साधारण आठवड्यात संपतो आणि त्यानंतर प्लेटलेट स्वतःहून वर येतात, महिनाभर रेंगाळणारा ताप आणि सगळेच काउंट खाली हे डेंगीचं चित्र नाही. अशा वेळी जी चार-पाच कारणं शोधायला हवीत त्यात एचआयव्ही एक आहे, आणि नेमकी तीच टेस्ट सगळ्यात शेवटी होते. या लेखात मला एवढंच पटवायचंय की एड्समध्ये पडलेले काउंट आणि वाढलेली प्लीहा हा स्वतंत्र आजार नसतो, त्यामागे बहुतेक वेळा दुसरा एक संसर्ग लपलेला असतो, आणि त्यातले बरेच संसर्ग औषधाने बरे होतात.

## एचआयव्ही म्हणजे एड्स नव्हे

एचआयव्ही हा विषाणू. तो सीडी फोर नावाच्या पांढऱ्या पेशींवर हल्ला करतो, या पेशी आपल्या प्रतिकारशक्तीत बाकीच्यांना कामाला लावणाऱ्या. निरोगी माणसात रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये त्या साधारण ५०० ते १५०० असतात. औषध न घेता वर्षं गेली की त्या उतरत उतरत २०० च्या खाली येतात आणि मग एरवी शरीर सहज दाबून ठेवतं असे जंतू डोकं वर काढतात, त्यांना संधिसाधू संसर्ग म्हणतात. ही अवस्था म्हणजे एड्स. वेळेवर गोळ्या घेणारा माणूस एचआयव्ही असूनही सहसा एड्सपर्यंत पोचत नाही, म्हणून हा सगळा लेख मुख्यतः ज्यांचं निदान उशिरा झालं किंवा ज्यांनी गोळ्या मधेच सोडल्या त्यांच्याबद्दल आहे.

आपल्याकडे संधिसाधू संसर्ग म्हटलं की खोकला, टीबी, तोंडात पांढरा थर, मेंदूज्वर एवढं माहीत असतं. रक्त आणि प्लीहेकडे लक्ष जात नाही.

## प्लीहा करते काय

जुनी माणसं तिला पानथरी म्हणतात. पोटात डाव्या बाजूला बरगड्यांच्या आड, मुठीएवढी, साधारण १५० ग्रॅमची. निरोगी मोठ्या माणसात ती हाताला लागत नाही. डॉक्टर तपासताना उजव्या ओटीपोटापासून सुरुवात करून डाव्या बरगड्यांकडे हात सरकवत नेतात आणि प्रत्येक वेळी "श्वास घ्या" म्हणतात ते यासाठीच, श्वास घेतला की प्लीहा खाली सरकते आणि वाढलेली असेल तर बोटांना तिची कड लागते. उजवीकडून सुरुवात का, तर काही आजारांत ती बेंबी ओलांडून तिथपर्यंत येते आणि थेट डावीकडे हात ठेवला तर कडच सापडत नाही.

तिचं काम गाळण्याचं. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हाताऱ्या झालेल्या किंवा वाकड्यातिकड्या पेशी प्लीहेत अडवून मोडल्या जातात. रक्तातले जंतूही तिथेच पकडले जातात. शिवाय शरीरातल्या जवळजवळ एक तृतीयांश प्लेटलेट एरवीही तिच्यातच थांबलेल्या असतात.

आता रायबंदरच्या धक्क्यावरून नदीपलीकडे चोडणला जाणारी फेरीबोट डोळ्यांसमोर आणा. फेरीला उशीर झाला की पलीकडे चोडणच्या रस्त्यावर गाड्या दिसेनाशा होतात, त्या गाड्या कुठे मोडीत गेलेल्या नसतात, सगळ्या अलीकडच्या रांगेत उभ्या असतात. प्लीहा वाढते तेव्हा हेच होतं. प्लेटलेट बनतायत पण रक्तात फिरायच्या ऐवजी प्लीहेत अडकून पडल्यात, फार मोठ्या प्लीहेत तर दहातल्या नऊसुद्धा. म्हणून अशा रुग्णाला बाहेरून प्लेटलेटच्या पिशव्या चढवल्या तरी आकडा फारसा हलत नाही, चढवलेल्याही त्याच रांगेत जाऊन उभ्या राहतात. रक्तस्राव होत असेल तर पिशव्या द्याव्याच लागतात, पण नुसता आकडा वर आणायला म्हणून नातेवाईकांनी डोनर शोधत धावायचं, यात फार दमछाक होते आणि हाती काही लागत नाही.

सीडी फोरचंही तेच. प्लीहा मोठी असेल तर सीडी फोरचा आकडा खरा आहे त्याहून कमी दिसू शकतो, आणि प्लीहा काढलेल्या माणसात उगाच जास्त दिसतो, तेव्हा आकड्यासोबत टक्केवारी बघावी लागते.

## पेशी जिथे बनतात तिथेच घुसलेला जंतू

काउंट पडायला अजून दोन कारणं असू शकतात. एक, पेशी बनणंच कमी झालं. दोन, बनलेल्या पेशी मारल्या जातायत. एड्सच्या रुग्णात बऱ्याचदा तिन्ही गोष्टी एकदम चालू असतात म्हणून रिपोर्ट इतका वाईट दिसतो. तिन्ही प्रकारच्या पेशी एकत्र कमी झाल्या की त्याला पॅनसायटोपेनिया म्हणतात.

पेशी बनतात बोन मॅरोत, म्हणजे हाडाच्या आतल्या मगजात. तिथे घुसणाऱ्यांत भारतात पहिलं नाव टीबीचं. पसरलेला टीबी मॅरोत, प्लीहेत, लिव्हरमध्ये एकाच वेळी बसतो आणि गंमत म्हणावी की दुर्दैव, छातीचा एक्स-रे मात्र अगदी स्वच्छ असू शकतो, कारण फुप्फुसात जे डाग दिसतात ते प्रतिकारशक्तीच्या झटापटीचे असतात आणि इथे झटापट करणारं कोणी उरलेलंच नसतं. म्हणून "एक्स-रे नॉर्मल आहे, टीबी नाही" हे वाक्य एड्समध्ये चालत नाही. लघवीवर होणारी लॅम नावाची एक सोपी टेस्ट आहे, सीडी फोर फार कमी असलेल्यांत ती उपयोगी पडते, थुंकी काढायला जमत नाही अशा माणसाचंही निदान होऊ शकतं.

दुसरी एक बुरशी, हिस्टोप्लाझ्मा. वटवाघळांच्या आणि पक्ष्यांच्या विष्ठेने भरलेल्या मातीत ती वाढते. सॅम्युएल डार्लिंग नावाच्या डॉक्टरने १९०५ मध्ये पनामात शवविच्छेदन करताना ती पहिल्यांदा पाहिली, वरून सगळं टीबीसारखंच दिसत होतं. आजही तीच गफलत होते, रुग्णाला टीबीची औषधं सुरू होतात आणि ताप उतरत नाही. कधी कधी साध्या रक्ताच्या स्लाइडवरच ती सापडते. लीशमन स्टेन म्हणजे पेशी दिसायला वापरतात तो रंग लावलेली स्लाइड, मोठी पांढरी पेशी, आणि तिच्या पोटात दोन ते चार मायक्रॉनचे बारीक गोल ठिपके, प्रत्येकाभोवती एक पांढरट कडं. मशीनने काढलेल्या सीबीसीत हे कधीच कळत नाही, मशीन पेशी मोजतं, पेशीच्या आत काय बसलंय ते त्याला दिसत नाही. म्हणून काउंट विचित्र असतील तर स्लाइड माणसाने डोळ्यांनी बघितली का हे जरूर विचारा.

तिसरा आहे पार्व्हो बी १९ हा विषाणू, आणि मला तो सगळ्यात चकवणारा वाटतो. लहान मुलांना होतो, गाल चापट मारल्यासारखे लाल होतात, आठवड्यात मूल खेळायला लागतं. तो नेमका लाल पेशी बनवणाऱ्या पेशींवरच हल्ला करतो पण लाल पेशी चार महिने जगतात त्यामुळे निरोगी माणसात आठवडाभर उत्पादन बंद पडलं तरी कळतही नाही, तोवर अँटिबॉडी तयार होतात आणि विषाणू जातो. एड्समध्ये अँटिबॉडी धड तयार होत नाहीत, विषाणू महिनोनमहिने राहतो, आणि हिमोग्लोबिन तीन-चारपर्यंत घसरतं. बाकी पेशी ठीकठाक, फक्त लाल पेशी नाहीत. रक्त चढवलं की बरं वाटतं, तीन आठवड्यांनी परत तेच. इथे रेटिक काउंट ही स्वस्तातली टेस्ट कामाला येते, नव्या लाल पेशी किती येतायत ते तिच्यात कळतं आणि या रुग्णात तो आकडा जवळजवळ शून्य असतो. उपाय आहे, शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देतात आणि एचआयव्हीची औषधं नीट चालू ठेवतात.

## आपल्याच पेशी गिळणाऱ्या पेशी

आता जरा भयानक वाटेल असा प्रकार. शरीरात मॅक्रोफेज नावाच्या पेशी असतात, जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणं हे त्यांचं काम. संसर्गाने प्रतिकारयंत्रणेचा तोल सुटला की या पेशी बेभान होतात आणि मॅरोत, प्लीहेत चांगल्या लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट सरसकट गिळायला लागतात. याला हिमोफॅगोसायटोसिस म्हणतात, डॉक्टर लोक एचएलएच म्हणतात. एड्समध्ये तो पेटवणारे म्हणजे टीबी, हिस्टोप्लाझ्मा, हर्पीस कुळातले काही विषाणू, कधी त्यातून झालेला लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कॅन्सर.

ओळखायची खूण अशी: न उतरणारा ताप, वाढलेली प्लीहा, दिवसागणिक पडणारे काउंट आणि फेरिटिन हजारोंत. फेरिटिन ही लोहाची टेस्ट म्हणून लोकांना माहीत आहे त्यामुळे ते वाढलेलं बघून घरचे खूश होतात की लोह भरपूर आहे, पण एवढं फेरिटिन म्हणजे आत आग लागलेली आहे. सोबत ट्रायग्लिसराइड वाढतं आणि रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन कमी होतं. हे दिवसांत जीव घेऊ शकतं, इथे वाट बघण्यात अर्थ नसतो. स्टेरॉइड बऱ्याचदा द्यावं लागतं पण मूळ संसर्गाचं औषध सोबत हवंच.

याच्या अगदी उलट, मूळ कारण न शोधता "प्लेटलेट कमी आहेत, देऊन बघू" म्हणून सुरू केलेलं स्टेरॉइड फार घातक. दोन दिवस ताप उतरतो, भूक लागते, सगळे खूश, आणि आत टीबी किंवा बुरशी मोकाट पसरते.

## प्लीहेत दडून बसणारे

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये कधी लिहून येतं की प्लीहा वाढलेली असून तिच्यात अनेक बारीक काळसर ठिपके दिसतात. हे पुवाचे सूक्ष्म साठे असू शकतात, आणि भारतातल्या एचआयव्ही रुग्णात पहिला संशय टीबीचाच घ्यावा लागतो. टायफॉइडच्या भाऊबंदांतले साल्मोनेला जंतू एड्समध्ये रक्तात पुन्हा पुन्हा शिरतात आणि प्लीहेत मोठा गळूही करतात. मांजरांच्या पिसवांमधून पसरणारा बार्टोनेला नावाचा जंतू आहे, तो प्लीहेत आणि लिव्हरमध्ये रक्ताने भरलेल्या पोकळ्या करतो, विरळा प्रकार आहे पण डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या औषधाने बरा होतो.

काळा आजार गोव्याचा नाही. तो बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल, पूर्व उत्तर प्रदेशाकडचा, वाळूमाशीतून पसरतो. पण आपल्या बांधकामांवर, हॉटेलांच्या किचनमध्ये, ट्रॉलरांवर कामाला कुठकुठली माणसं आहेत ते आपण रोज बघतो, आणि हा आजार करणारा परजीवी शरीरात वर्षानुवर्षं गप्प बसून एचआयव्हीने प्रतिकारशक्ती गेली की उठतो. प्लीहा प्रचंड वाढते. एचआयव्ही असलेल्यांत त्याची झटपट रक्तचाचणी निगेटिव्ह येऊ शकते, तेव्हा मॅरोतच शोधावं लागतं. तसंच मणिपूरकडे टॅलरोमायसिस नावाची एक बुरशी आहे. म्हणून रुग्ण आज कुठे राहतो यापेक्षा आधी कुठे कुठे राहिला हे डॉक्टरला सांगणं जास्त महत्त्वाचं.

अजून एक जुनी गोष्ट सांगते. ५ जून १९८१ ला अमेरिकेत या आजाराची पहिली नोंद छापली गेली ती न्युमोसिस्टिस नावाच्या न्युमोनियाच्या पाच रुग्णांची होती. तो टाळायला पुढे काहींना पेंटामिडिन हे औषध वाफेने हुंगायला द्यायचे. फुप्फुसं सांभाळली गेली, पण औषध रक्तात पोचतच नव्हतं, आणि काही रुग्णांच्या प्लीहेत तोच जंतू सापडायला लागला, स्कॅनमध्ये चुन्यासारखे ठिपके. आज आपल्याकडे सेप्ट्रानची म्हणजे कोट्रायमोक्झाझोलची गोळी पोटातून देतात ती सगळीकडे पोचते.

## "मग प्लीहा काढूनच टाका ना"

हे खूप जण विचारतात. प्लीहा फुटली किंवा मोठा गळू औषधाने आणि सुईने आटोक्यात आला नाही तर काढावी लागते. पण नुसते काउंट वाढावेत म्हणून काढली तर न्युमोकोकससारख्या जंतूंना अडवणारी एक मोठी जागा गेली, आणि ज्याची प्रतिकारशक्ती आधीच खचलीय त्याला ते परवडणारं नाही. मूळ संसर्गावर औषध लागू पडलं की प्लीहा हळूहळू स्वतः आत जाते.

एक मात्र हात जोडून सांगते, पोटात डावीकडे गोळा लागतोय म्हणून तेल लावून चोळू नका, कोणाकडून चोळून घेऊ नका. वाढलेली प्लीहा बरगडीच्या आडून बाहेर आलेली असते, दाबाने फुटू शकते. अचानक पोटात दुखणं, डाव्या खांद्यात कळ, घाम, चक्कर, असं झालं तर थेट इमर्जन्सी.

## "हाडातून पाणी काढलं की माणूस लुळा पडतो"

पडत नाही. लोक हे मणक्याशी जोडतात म्हणून भीती. मॅरो काढतात ते कमरेच्या मागच्या बाजूच्या रुंद हाडातून, तिथे मज्जारज्जू नाहीच. कुशीवर झोपवतात, कातडी आणि हाडावरचा पापुद्रा इंजेक्शनने बधिर करतात, सुई फिरवत आत नेतात, तेव्हा दाब जाणवतो, आणि सिरिंज ओढतात त्या दोन-चार सेकंदांत आतून खेचल्यासारखी कळ येते ती बधिर होत नाही हे आधीच सांगितलेलं बरं. मग हाडाचा एक-दोन सेंटिमीटरचा बारीक तुकडा घेतात, जागा दाबून पट्टी. प्लेटलेट कमी असल्या तरी सहसा हे करता येतं, प्लीहेत सुई घालण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित. फक्त एक बघा, नमुना कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, पण पाठवलाय ना. नुसता मायक्रोस्कोपखाली बघून अर्धंच काम होतं, टीबीच्या कल्चरला मात्र सहा आठवडेसुद्धा लागू शकतात.

## "गोळ्या सुरू केल्यावर जास्तच बिघडलं"

खरं असू शकतं, आणि त्याची दोन कारणं वेगवेगळी आहेत. एक म्हणजे औषधाचा परिणाम. झिडोव्हुडिनने हिमोग्लोबिन पडू शकतं, सेप्ट्रानने काउंट उतरू शकतात, डॅप्सोनने जीसिक्सपीडी हे लाल पेशींना जपणारं एन्झाइम कमी असलेल्यांच्या लाल पेशी फुटतात, लिनेझोलिडने प्लेटलेट. डॉक्टर औषध बदलून देतात. आता सरकारी केंद्रात बहुतेकांना मिळणाऱ्या टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिरच्या एकत्र गोळीत हा रक्ताचा त्रास फारसा नाही.

दुसरं, प्रतिकारशक्ती परत येताना लपलेल्या जंतूला ओळखते आणि एकदम तुटून पडते, ताप येतो, गाठी आणि प्लीहा सुजतात. हे पहिल्या काही आठवड्यांत होतं. औषध काम करतंय म्हणून हे होतंय, आणि लोक नेमक्या याच वेळी गोळ्या सोडून देतात. स्वतःच्या मनाने सोडू नका, केंद्रात जाऊन दाखवा.

आणि हो, कधी कधी प्लेटलेट कमी असण्यामागे फक्त एचआयव्हीच असतो, कुठलाही दुसरा जंतू नसतो. प्रतिकारशक्ती बरी असतानाही असं होतं, आणि गोळ्या सुरू झाल्या की बहुतेकांच्या प्लेटलेट वर येतात. म्हणूनही ज्याच्या प्लेटलेट कारण नसताना कमी आहेत त्याची एचआयव्ही टेस्ट व्हायला हवी.

## "टेस्टचं नाव काढलं तर लोक काय म्हणतील"

गोव्याला ही भीती जुनी आहे. १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा यांनी रक्तदान केलं, त्या रक्तात एचआयव्ही सापडला, आणि त्यावेळच्या गोव्याच्या कायद्याने त्यांना म्हापशाला एका जुन्या टीबी सॅनेटोरियममध्ये ६४ दिवस डांबून ठेवलं. ते आजारी नव्हते, कोणाला त्रास देत नव्हते. त्यांच्या आईने हायकोर्टात दाद मागितली. ते स्वतः १९९२ मध्ये गेले पण त्याआधी इथल्या एचआयव्हीग्रस्तांसाठी संस्था उभी करून गेले. आज कायदा उलट्या बाजूने आहे, २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही, रिझल्ट गुप्त ठेवावा लागतो, नोकरीत भेदभाव करता येत नाही. सरकारी औषधं २००४ पासून फुकट आहेत आणि २०१७ पासून सीडी फोर किती का असेना, निदान झालं की लगेच सुरू करतात.

कायदा बदलला तरी खिडकीवर मी बघते, एचआयव्हीची टेस्ट लिहिलेला कागद लोक घडी घालून खिशात ठेवतात आणि "बाकीच्या करा, ही नंतर" म्हणतात. ते "नंतर" येईपर्यंत सीडी फोर ५० वर आलेला असतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण वर सांगितलेलं जवळपास सगळं सीडी फोर १००-१५० च्या खाली गेल्यावर घडतं, म्हणजे टाळायला हातात वर्षं होती.

टेस्ट आणि समुपदेशन सरकारी हॉस्पिटलच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही तपासणी केंद्रात, फुकट होतं, बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) एआरटी सेंटर, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र, आहे, आणि १०९७ हा टोल फ्री नंबर आहे, नाव न सांगता विचारता येतं. डॉक्टरकडे जाताना जुने सगळे सीबीसी रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या, एका आकड्यापेक्षा तो कसा उतरत गेला ते जास्त सांगून जातं, आणि सोबत एका कागदावर चालू असलेली सगळी औषधं, गावठी असतील तर तीही, आणि आधी कुठे कुठे राहिलात ते लिहून न्या.